वहीतले दोन रकाने

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सासूबाईंना कुशीवर वळवत होते. एका हातानं त्यांचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातानं पाठीमागे उशी सरकवायची, आणि फोन गाल आणि खांद्याच्या मध्ये. "यंदाच्या अंकाचा विषय 'स्वतःकडे बघताना'," ते म्हणाले. "ध्यान झालं, योगासनं झाली, हिमालय तर दर वर्षी होतोच. तुम्ही घोड्यांकडे जा." मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण त्यांना घोडेच म्हणायचं होतं. पुण्याबाहेर एक छोटी पागा आहे, तिथे घोड्यांच्या मदतीनं मुलांवर उपचार होतात. तिथली माणसं म्हणे सांगतात, की स्वतःची काळजी घ्यायला आम्हाला घोड्यांनी शिकवलं. खरं काय ते बघून या.

'स्वतःची काळजी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सुगंधी मेणबत्त्या आणि हप्त्यांवर मिळणारी रिसॉर्टं येतात. त्यामुळे गेले ती जरा वाकड्या तोंडानंच. दोन दिवस म्हणून गेले आणि महिन्याभरात सात फेऱ्या झाल्या.

पागेचं नाव आणि तिथल्या माणसांची नावं मी देत नाही. मुलांच्या आईवडिलांची तशी अट आहे. घोड्यांची नावं द्यायला कुणाची हरकत नव्हती.

चंदीचं पिंप

पागेतला दिवस साडेपाचला सुरू होतो, आणि तो आवाजानं सुरू होतो. चंदीच्या पिंपाचं झाकण सरकलं की चारही कप्प्यांतून एकदम उत्तरं येतात. कुणी दारावर खूर आपटतं, कुणी नाकपुड्या फुरफुरवतं, आणि चिमणी नावाचं बुटकं तट्टू चक्क ओरडतं. घमेल्यात ओट, भरडलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडं मीठ. घोडं खात असताना आत कुणी जायचं नाही, हा इथला पहिला नियम. "तुम्ही जेवताना कुणी पाठीवर हात फिरवला तर आवडंल का?" मामांनी मला विचारलं. माझ्या घरी मी जेवताना किमान तीनदा उठते, हे त्यांना सांगितलं नाही.

मामा साठीच्या पुढचे. तीसेक वर्षं रेसच्या घोड्यांची मोतद्दारी केलेली. पावसाळ्यात पुणं, हिवाळ्यात मुंबई, कारण शर्यतींचा हंगामच तसा फिरतो. घोड्यांच्या ट्रकमध्ये मागे बसून या माणसानं खंडाळ्याचा घाट किती वेळा उतरला असेल, त्याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही.

घोडे चार. बादल हा करड्या रंगाचा, रुंद पाठीचा, मिश्र जातीचा घोडा; मुलांचं बहुतेक काम तोच करतो. राणा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. पत्रा वाजला तरी दचकतो, म्हणून त्याच्या पाठीवर मूल बसवत नाहीत. चिमणी थंड हवेच्या गावातून आलेली. आयुष्याची पहिली दहा वर्षं तिनं पर्यटक वाहिले. आणि शेवंती ही मारवाडी घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात तशी. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून आणलेली. स्वस्तात मिळाली, कारण तिच्या डोळ्याखाली भोवरा आहे. जाणकार त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी मालकाला रडवते, असा समज. मामा हे सांगताना हसत नाहीत. ते स्वतः तो समज मानतात. "पण मालक कोण हिथं? ट्रस्ट. रडंल तर ट्रस्ट रडंल."

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात खरारा दिला. घोड्याला खरारा करणं म्हणजे पुसणं, असं मला वाटत होतं. आधी रबरी खराऱ्यानं गोल गोल रगडून माती आणि मेलेले केस वर आणायचे, मग राठ ब्रशनं केसांच्या दिशेनं झटकायचे, मग मऊ कापड. पाय, डोकं आणि हाडावरची जागा रगडायची नाही. मी मनगटानं घासत होते. पाच मिनिटांत हात भरून आला. "मनगट नका चालवू," मामा म्हणाले. "पाय रोवा, अंग टेका. हात नुसता तिथं ठेवायचा." तसं केलं तेव्हा घोडीचा खालचा ओठ सैल पडून लोंबला. म्हणजे जागा बरोबर सापडली.

मी सासूबाईंना दोन वर्षं मनगटानं उचलत होते.

पाणघोड्याचा भाऊबंद

या उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, आणि मराठीतही त्याला पाणघोडाच म्हणतात. पागेच्या दारावर पाटी लावली तेव्हा गावातल्या पोरांनी पाणघोडे बघायला गर्दी केली होती. ती पाटी आता नाही.

काम कसं चालतं ते सांगते. सात वर्षांचा एक मुलगा. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, कमरेला जोर नाही. त्याला लाकडी उतरणीवरून बादलच्या पाठीवर घेतलं. खोगीर नाही, रिकीब नाही. जाड नमदा आणि त्यावर दोन मुठी असलेला पट्टा. खोगीर घातलं की घोड्याची ऊब आणि हालचाल दोन्ही अडतात. घोड्याच्या अंगाचं तापमान अडतीस अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा किंचित जास्त. त्या उबेवर मांड्यांचे ताठरलेले स्नायू हळूहळू सैल होतात. त्यासाठी पहिली काही मिनिटं घोडं नुसतं उभं असतं आणि कुणी काही करत नाही.

मग चाल. फक्त कदम चाल. दुडकी नाही, पळणं तर नाहीच. कदम चालीत घोड्याची पाठ एकाच वेळी तीन अंगांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवी, आणि थोडी पीळ घेत. माणूस चालतो तेव्हा त्याच्या कमरेचं हाड जवळपास असंच हलतं. ज्या मुलानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा हा अनुभव खालून मिळतो. मागच्या पायांची मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली, तर दहा मिनिटांत हजार होतात. प्रत्येक पावलाला तोल किंचित जातो आणि प्रत्येक पावलाला मुलाला तो सावरावा लागतो. यंत्राला इतक्या वेळा आणि दर वेळी जरा वेगळा असा तोल बिघडवून देणं सोपं नाही. म्हणूनच थेरपिस्ट, ज्यांना इथे सगळे डॉक्टरताई म्हणतात, मध्येच घोडं थांबवतात, पुन्हा चालवतात, वळण घेतात, कधी मुलाला शेपटीकडे तोंड करून बसवतात.

घोड्याला धरून चालणारा एक, मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि थेरपिस्ट: एका मुलामागे चार माणसं. शिवाय घोड्यावर बसवण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कमरेचा सांधा निखळलेला असेल, आकडी आटोक्यात नसेल, तर नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके पक्के आहेत ना, हे आधी तपासून घेतात. डॉक्टरताईंनी नाही म्हटलेल्या मुलांची संख्या हो म्हटलेल्यांपेक्षा कमी नाही, आणि नाही म्हणण्यातच निम्मा दिवस जातो.

या शास्त्राची गोष्ट सांगताना एका डॅनिश बाईचं नाव येतंच. लिस हार्टेल. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले. मूल सुखरूप जन्माला आलं आणि ती पुन्हा घोड्यावर बसली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार प्रथमच बायकांना खुला झाला. त्यात पुरुषांशी स्पर्धा करत तिनं रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला मदत लागत असे. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडिश स्वारानं तिला विजयमंचावर चढायला हात दिला. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. त्यानंतर युरोपात ठिकठिकाणी अपंग मुलांसाठी घोडे ठेवले जाऊ लागले, आणि १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे या कामाच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या.

गोष्ट प्रेरणादायी आहे, आणि मला तिच्यातलं वेगळंच काही आवडतं. पाय गेल्यावर तिच्याकडे घोडीला सांगायला उरलं काय, तर बैठक, पाठ आणि अंगाचा भार. तेवढ्यात घोडीला सगळं कळत होतं.

गणित न येणारा घोडा

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवत असे. त्याचा मालक फॉन ओस्टेन हा निवृत्त शिक्षक. सातात पाच मिळवले की किती, असं विचारलं की हान्स खूर बारा वेळा आपटे. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं नीट प्रयोग केले आणि १९०७ मध्ये उलगडा मांडला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्सला काही येत नसे. बाराव्या ठोक्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत केसभर हलायचं, अंगातला ताण सुटायचा, आणि हान्स थांबायचा. आपण असं काही करतो हे विचारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. हे सगळं कळल्यावरही स्वतः फुंग्स्टला ते पूर्णपणे दाबता येईना.

लोकांचा हिरमोड झाला. मला मात्र गणितापेक्षा ही विद्या अवघड वाटते.

घोडं हे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर जवळजवळ सगळं वर्तुळ त्याला दिसतं. कळपातल्या एकाचं अंग ताठलं की बाकीच्यांनी कारण न विचारता पळायचं, यावर ते लाखो वर्षं जगलं. आता त्याच्या कळपात आपण आहोत. २००९ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, चार वेळा. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, की आता वाटेत घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही.

माझी छत्री मी घरून घेऊन गेले होते. तिसऱ्या फेरीला डॉक्टरताईंनी शेवंतीचा दोर माझ्या हातात दिला: रिंगणाची एक फेरी मारून आणा. वीस पावलं गेलो आणि घोडी थांबली. ओढलं तर मान वर केली. मी गोड बोलले, मग मागून हाकललं, मग रागावले. घोडी खांबासारखी उभी. कठड्यावर बसलेल्या मामांनी विचारलं, "घरी कुणी आजारी हाय का?"

मी चमकले. अंतर्ज्ञान वगैरे काही नव्हतं; मी दर दोन मिनिटांनी खिशातला फोन चाचपत होते, आणि दोर मुठीत असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. श्वास तर छातीच्या वरच घुटमळत होता. मामांनी फोन मागून घेतला. "दोर ढिला सोडा. कुठं जायचं तिकडं बघा, घोडीकडं बघू नका. आणि फू करा." मी फू केलं. दुसऱ्या की तिसऱ्या फूला शेवंतीनं नाकातून लांब फुरफुर काढली, ओठ चाटले आणि चालू लागली.

यात चमत्कार नाही, हे नोंदवून ठेवते. मी फू करत असताना माझे खांदे खाली आले होते, आणि घोडीच्या जबड्यावरचा दोराचा ताण गेला होता. तोंड ओढणारं कुणी नसेल तर घोडं चालतं.

शेवंतीचा संप

डॉक्टरताईंनी आधी एका मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं फिजिओथेरपीचं काम केलं. तिथे एका दिवसात बावीस रोगी हातांखालून जायचे. ताप असला तरी कामावर यायचं, कारण बदली माणूस नाही. ते सोडून त्या इथे आल्या, आणि चार वर्षांत इथेही तेच उभं केलं. "इस्पितळानं माझ्यावर लादलं होतं असं मी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "इथे तर साहेब मीच होते." रविवारसुद्धा काम. प्रतीक्षायादीतल्या आया फोनवर रडायच्या, आणि नाही म्हणणं जमायचं नाही. त्या वेळी शेवंती मुलांचं काम करायची, रोज पाच-सहा मुलं.

शेवंती गुणी घोडी म्हणून प्रसिद्ध होती. कुठेही धरा, कसंही बसवा, हलायची नाही. मान खाली, कान बाजूला पडलेले. पाहुण्यांना दाखवायला तिलाच काढायचे. मग एका सकाळी डॉक्टरताई तंग आवळायला गेल्या आणि घोडीनं कान मागे चिकटवले, ढुंगण फिरवलं आणि त्यांना कप्प्याच्या भिंतीशी दाबलं. लाथ मारली नाही. मारू शकली असती. साडेतीनशे किलोच्या जनावरानं नुसतं टेकून ठेवलं. बरगडीला मुका मार.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. पट्ट्याखाली दोन्ही बाजूंचे स्नायू सुजून दगडासारखे झाले होते. ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. खरारा करताना तिथे हात लागला की घोडीची कातडी थरथरायची, हे मामांनी दोनदा सांगितलं होतं. डॉक्टरताईंच्या ते लक्षात राहिलं नाही. हातांनी दुखणं ओळखणं हा त्यांचा धंदा.

"आम्ही तिला शांत समजत होतो," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य मामांनी पुरं केलं. "शांत न्हवती. गप्प झाली होती."

हा फरक मला इथे सात फेऱ्यांत शिकवला गेला, आणि अजून मी त्यात चुकते. शांत घोड्याचे कान हलते असतात. आवाजाकडे एक वळतो, दुसरा माणसाकडे. डोळा ओलसर, पापणी मधूनच मिटते, एखादी माशी उडवायला शेपटी हलते, कधी तो जांभई देतो, कधी तुमच्या बाहीला तोंड लावून बघतो. गप्प झालेला घोडाही हलत नाही, पण त्याचे कान एकाच जागी थिजलेले असतात, डोळा कुठेच बघत नाही, नाकपुडीवर बारीक सुरकुती पडते. त्यानं सांगायचं तेवढं सांगून झालेलं असतं. उपचारासाठी असा घोडा सोयीचा दिसतो, आणि तोच धोक्याचा.

ताईंना त्या वेळी झोप येत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. मुलानं पहिल्यांदा मान उचलून धरली, आई हसली-रडली, तर यांच्या मनात पुढच्या मुलाची वेळ. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं अशा अवस्थेवर लेख लिहिला आणि 'बर्नआउट' हा शब्द रुजला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात आपणहून राबणाऱ्यांना, आणि स्वतःलाही, पाहून त्यानं तो लिहिला होता. पगारासाठी नाइलाजानं काम करणाऱ्यांपासून त्याची सुरुवात झाली नव्हती. हे काम माझंच आहे, असं म्हणणारी ती माणसं होती.

घोडीला सहा महिने सुट्टी मिळाली. ताईंनी स्वतःला चार दिवस दिले, मग मामांनी भांडून तीन आठवडे केले. आल्यावर नियम बदलले. एका घोड्यावर दिवसाला तीन मुलं, प्रत्येकी अर्ध्या तासापेक्षा कमी. आठवड्यात दोन दिवस घोड्यांना पाठीवर काही नाही, नुसतं कुरणात. सोमवार माणसांना सुट्टी. आणि खाणं. रानात घोडं दिवसाचे चौदा-सोळा तास चरतं, कारण त्याच्या पोटात आम्ल सतत झरत असतं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतून सोलवटतं. म्हणून कप्प्यात गवताची जाळी कायम भरलेली असते. ती भरताना एकदा ताईंच्या डोक्यात आलं, की आपण सकाळी सातला चहा घेतला होता आणि आता दुपारचे चार वाजलेत. तेव्हापासून एक ते दोन पागा बंद. मी एकदा दीडला पोचले, तर अर्धा तास फाटकाबाहेर उभी केली.

आणि वही. चंदीच्या पिंपावर एक दोनशे पानी वही दोरीनं बांधलेली असते. प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले: 'घोडं' आणि 'माणूस'. सकाळी काम सुरू होण्याआधी दोन्ही भरायचे. मी जुनी पानं चाळली.

बादल: उजवा मागचा खूर गरम, आज नाही. चिमणी: लीद पातळ, नवा कडबा बंद. राणा: रात्री आडवा झोपला, अंगाला भुसा. (घोडं उभ्यानं डुलकी काढतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि धास्ती असेल तर ते होत नाही. भुसा लागलेला घोडा बघून मामा खूश होतात.)

शेजारच्या रकान्यात: मामा, गुडघा. डॉक्टरताई, काल घरी भांडण, पहिलं मूल नको. स्वयंसेवक पोरगी, परीक्षा, हात थंड. मामा, गुडघा. मामा, गुडघा, बायको माहेरी.

ज्याच्या नावापुढे असं काही असेल, त्यानं त्या सकाळी घोडा धरायचा नाही. लीद उचलायची. ही शिक्षा नव्हे, असं सगळे सांगतात. फावडं, ढकलगाडी, एक एक कप्पा. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला बरं करायचं नाही. मी दोनदा उचलली. वास दोन मिनिटांत विसरायला होतो.

बाकावरच्या आया

रिंगणाबाहेर एक सिमेंटचं बाक आहे. मूल घोड्यावर असतं तेव्हा आया तिथे बसतात. पूर्वी त्या वीस-पंचवीस मिनिटं मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या, नाहीतर ओरडून सूचना द्यायच्या: बाळा, मान वर, मान वर. आता त्यांतल्या ज्या हो म्हणतील त्यांना मामा आडोशाला चिमणीकडे नेतात आणि खरारा देतात.

एक बाई आठवतात. धाराशिवकडून आलेल्या, मुलाच्या उपचारासाठी पुण्यात भाड्यानं खोली घेतलेली, नवरा गावी. हातात खरारा घेतला आणि चिमणीच्या खांद्यावर एकच जागा घासायला लागल्या. घासताहेत, घासताहेत. तिथली धूळ कधीच गेली होती. पाचेक मिनिटांनी चिमणीनं मान वळवून बघितलं आणि दोन पावलं पुढे सरकली, हात आपोआप पोटावर आला. मामा म्हणाले, "ताई, तिथलं झालं. आता पुढं." बाई थांबल्या, मग हसायलाच लागल्या. "सगळं असंच करते मी," म्हणाल्या. "भांडीपण."

पुढच्या खेपेला त्यांनी घरून गाजरं आणली. त्याच्या पुढच्या खेपेला त्या खरारा न करता नुसत्या चिमणीशेजारी उभ्या राहिल्या, पाठ तिच्या पोटाला टेकून, डोळे मिटून. घोड्याची आतडी सारखी गुरगुरत असतात. ती गुरगुर पाठीतून ऐकू येते. मूल रिंगणात "आई बघ" म्हणून ओरडलं, तर त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

या पंधरा मिनिटांचे पैसे पागा घेत नाही, आणि कुठल्याही फॉर्मवर त्यांना नाव नाही.

इथंच घोडं पेंड खातं

आता शंका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा तोल आणि बसण्याची ठेवण हिप्पोथेरपीनं सुधारते, याला बऱ्यापैकी आधार आहे. मन दुखावलेल्या माणसांना, युद्धावरून आलेल्या सैनिकांना घोड्यांच्या सहवासानं बरं वाटतं, असेही अभ्यास आहेत. त्यांतले पुष्कळसे लहान, मोजक्या माणसांवर केलेले. हवापालटामुळे किती, कुणीतरी नीट ऐकून घेतल्यामुळे किती आणि घोड्यामुळे किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. डॉक्टरताई हे स्वतः सांगतात. औषध बंद करून घोड्याकडे या, असं कुणी सांगितलं तर तिथून पळा, असंही.

दुसरी शंका खर्चाची. घोडं काम करो न करो, खातंच. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो, पोटशूळ उठला तर रात्री दोन वाजता जनावरांचा डॉक्टर. पोटशूळ ही चेष्टा नाही; घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं पुढे सरकलं नाही तर जीवावर बेततं. म्हणून पागेला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं: कंपन्यांचे साहेब. महिन्यातून एका शनिवारी ते येतात, आणि राणाला दोर न लावता आपल्यामागे चालवून दाखवायचं असतं. यातून म्हणे नेतृत्व शिकतात.

मी तसा एक शनिवार पाहिला. एक गृहस्थ टाळ्या वाजवत, 'कम ऑन चॅम्प' म्हणत रिंगणभर फिरले. राणा दुसऱ्या टोकाला जाऊन कुंपणाबाहेरचं गवत खात होता. माणसं आपलंच घोडं पुढे दामटतात म्हणतात, इथे घोडंच आलं नाही. चहाच्या वेळी ते आपल्या कनिष्ठाला समजावत होते, की राणाला आधी मोटिव्हेट करायला हवं होतं. राणाच्या त्या दिवशीच्या रकान्यात मामांनी लिहिलं: टाळ्या फार.

तरी त्या शनिवारच्या पैशांतून महिन्याची चंदी निघते.

तिसरी शंका मला सगळ्यात जास्त छळते. ज्यांना हे हवं, त्यांतल्या किती जणी असं कुठे पोचू शकतात? मी सात वेळा गेले, कारण सात वेळा नणंद घरी येऊन बसली. तिलाही दोन मुलं आहेत. माझ्या मोकळ्या श्वासाचं बिल तिच्या वाट्याला गेलं, आणि ते फेडण्याचं अजून काही ठरलेलं नाही.

शेवटची फेरी

सातव्या फेरीला पाऊस नुकता थांबला होता. लेखाचं काम संपलं होतं, मी निरोप घ्यायला गेले होते. ताई म्हणाल्या, जाताजाता शेवंतीला कुरणात सोडून या.

मामांनी वही उघडली. "आधी हे." घोडीचं मी सांगितलं. डावा कान पुन्हापुन्हा मागे जातोय, बहुतेक माशी. मागचा डावा पाय टेकवून विसावा घेते आहे, पण बदलते आहे, म्हणजे दुखत नसावा. गवत अर्धं संपवलंय. पाठीवर हात दाबला तर हलली नाही, कान मात्र वळला. मामा लिहीत गेले. चार ओळी झाल्या.

"आता माणूस."

"ठीक," मी म्हटलं.

पेन वर थांबलं. मामा माझ्याकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते. कप्प्यात बादल गवत फोडत होता, तेवढाच आवाज.

"घोडीचं चार ओळी सांगितलं," ते म्हणाले.

मी जरा वेळ उभी राहिले. मग सांगितलं, की रात्री तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. खांदा आखडलाय, दोन महिने झाले. सासूबाईंवर परवा ओरडले. जेवण उभ्यानं होतं. आणि इथे येणं संपणार, त्याचं वाईट वाटतंय.

मामांनी सावकाश लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आहे, रकाना पुरेना, दोन ओळी समासात गेल्या. मग मान वर केली.

"खांदा डावा का उजवा?"

"डावा."

"मग दोर उजव्या हातात धरा," ते म्हणाले आणि शेवंतीचं दार उघडलं.